खंड्याला जहागीर, मोत्याला साखळी

साताऱ्याच्या पूर्वेला, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीत, एका कुत्र्याची समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्यानं महाराजांचा जीव वाचवला, असं सातारकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनंही 1826 मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे, आणि त्याच्या पुढचाही. महाराजांनी कुत्र्याच्या नावे रीतसर सनद काढली, जहागीर लावून दिली, पालखीचा मान दिला. डफसाहेबाला त्यात राजाचं डोकं फिरल्याची खूण दिसली. मला त्यात सरळ हिशोब दिसतो. यानं माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, आता याची सोय लावणं माझं काम.

त्याच साताऱ्यात आज कुत्रं घेऊन भाड्याचं घर शोधून दाखवा. शाहूपुरी, गोडोली, करंजे, सदरबझार, कुठेही. फोनवर सगळं जमत येतं. भाडं पटतं, डिपॉझिट पटतं, नोकरी कुठे ते विचारून होतं. मग प्रश्न येतो, ‘माणसं किती?’ तुम्ही खरं सांगता, आम्ही तिघं आणि एक कुत्रा. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, ‘कुत्रं हाय व्हय? मग नको बघा.’ सांगलीत विश्रामबागेकडे हेच उत्तर जरा वळणानं येतं: ‘आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.’

सोसायटीत चालत नाही, हे कुणी ठरवलं? हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून अध्यक्षांचं फावतं. भारतीय पशू कल्याण मंडळानं फेब्रुवारी 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना अगदी स्वच्छ आहेत. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव केला तरी येत नाही. सगळ्यांचं एकमत झालं तरी येत नाही. कुत्र्याच्या आकारावर किंवा जातीवर बोट ठेवता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही सोसायटीच्या नियमांतली असली सरसकट बंदीची कलमं बेकायदा ठरवली. एखाद्या घरमालकाला स्वतःच्या खोलीत भाडेकरू निवडायचा हक्क आहे, तो मी मान्य करतो. पण नोटीस बोर्डावर ‘पाळीव प्राणी आढळल्यास दंड’ असं चिकटवणाऱ्या कमिटीला तो हक्क नाही. ज्या सोसायटीत हा कागद लागला आहे तिथल्या सभासदांनी 2015 च्या सूचनांची प्रत काढून त्याच्या शेजारी लावावी. भांडण नको, प्रत पुरे.

आणि एक गोष्ट मला खरंच बोचते. सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत घराघरांत दत्ताची तसबीर आहे. औदुंबर सांगली जिल्ह्यात, नरसोबाची वाडी मिरजेपासून हाकेच्या अंतरावर, गुरुवारी एसटीला उभं राहायला जागा नसते. त्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. कऱ्हाडजवळच्या पालीच्या खंडोबाचंही तेच, देवाबरोबर कुत्रं आहेच, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतात. देवाजवळ कुत्रं चालतं. जिन्यात चालत नाही. ज्याला दत्ताला हात जोडावेसे वाटतात त्यानं जिन्यातल्या कुत्र्याला निदान वाट तरी द्यावी, एवढी अपेक्षा मी ठेवतो.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण कुत्र्याचे हाल करण्यात कुत्र्याचा द्वेष करणारे एकटे नाहीत. ‘आमचं कुत्र्यांवर फार प्रेम आहे’ म्हणणारे त्यांच्या बरोबरीनं आहेत, आणि माझा जास्त राग त्यांच्यावर आहे.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुठल्याही नव्या वसाहतीत गच्चीवर नजर टाका. पाण्याच्या टाकीचा कठडा, त्याला बांधलेली चार फुटी लोखंडी साखळी, वर पत्र्याचा एक तुकडा. सकाळी पत्र्याची सावली टाकीच्या या बाजूला असते, दुपारी ती सरकून साखळी पोचत नाही तिथे जाते. ॲल्युमिनियमचं भांडं उपडं पडलेलं, किंवा त्यात हाताला चटका बसेल इतकं तापलेलं पाणी. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतंय. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना काय येईल तेवढा. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. हवाच तापलेली असली की तो मार्गही पुरा पडत नाही. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, ते चढत गेलं की आधी लाळ घट्ट होते, मग पाय लटपटतात, मग कुत्रं कोसळतं. खाली हॉलमध्ये एसी चालू असतो. मालक मोबाइलवर त्याच कुत्र्याचा पिल्लूपणीचा व्हिडिओ पाहुण्यांना दाखवत असतो.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्यात या गच्चीसाठी स्वतंत्र कलम आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं बराच काळ बांधून ठेवणं हा गुन्हा. आणि कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं न फिरवणं, हाही गुन्हा. कुत्र्याला फिरवलं पाहिजे हे आपल्या संसदेनं पासष्ट वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. तोही वर्षानुवर्षं तसाच. पन्नास रुपयांत आज स्टेशन चौकात भेळ येते. हा आकडा बदलला पाहिजे, आणि तो बदलायचं काम दिल्लीचं आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या खासदारांना कुणीतरी हे विचारायला हवं.

सायबेरियन हस्कीचं नाव मी काढणार नव्हतो, पण काढावं लागतं. नावातच सायबेरिया आहे. अंगावर दुहेरी केस, बर्फात घसरगाडी ओढायला घडवलेलं शरीर. ते पिल्लू निळ्या डोळ्यांसाठी मिरजेत आणि कुपवाडमध्ये आणायचं आणि उन्हाळ्यात त्याचे केस काढून टाकायचे, म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय. कारण तेच केस त्याला उन्हापासूनही थोडं वाचवतात. सेंट बर्नार्डचीही तीच कथा. नाक चपटं असलेल्या पगची तर धाप टाकण्याचीच बोंब. 2017 च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना नोंदणी दाखवा म्हणा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. कुणी खोक्यात घालून पाच आठवड्यांचं, डोळ्यांत चिपडं आलेलं पिल्लू हातात देत असेल, तर तुम्ही ते पार्व्होच्या रोगासकट विकत घेताय, असंच समजा.

मग कोणतं कुत्रं पाळावं? गावठी. दारात आलेलं. तांबूस, पांढरं, ठिपक्यांचं, एक कान उभा, एक कान पडका. या हवेत, या धुळीत, या उन्हात हजारो वर्षं टिकून राहिलेलं जनावर आहे ते. कातडीचे आजार कमी, खाण्याचे नखरे कमी, आणि घराची जाण एवढी की गेटपाशी कोण आलं ते तुम्हाला त्याच्या भुंकण्यावरून कळेल. जत-आटपाडीच्या माळावर आणि माण-खटावकडे धनगर जी उंच, सडपातळ करवानी कुत्री पाळतात, तीही या मातीतलीच. सीमेपलीकडच्या मुधोळचं कुत्रं तर 2005 मध्ये टपाल तिकिटावर आलं. पण ते कुत्रं धावण्यासाठी जन्माला आलेलं आहे. ज्याच्याकडे रान नाही, त्यानं ते फ्लॅटमध्ये आणू नये. अभिमानाच्या गोष्टी दिवाणखान्यात कोंडू नयेत.

कुत्रं पाळायला नेमकं काय लागतं याची यादी मोठी नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग बूस्टर, मग दर वर्षी. सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी. निर्बीजीकरण. बऱ्याच महापालिकांत कुत्रा पाळायला परवाना लागतो. आपल्याकडे काय लागतं ते आरोग्य विभागात जाऊन विचारा आणि काढा. आणि खिशात पिशवी. पिशवीचं मी मुद्दाम शेवटी म्हणतो. फिरायला नेलेल्या कुत्र्याची घाण लोकांच्या दारात सोडून निघून जाणारा माणूस हा या शहरातल्या प्रत्येक कुत्र्याचा शत्रू आहे. ज्या आजी पहाटे उठून अंगण झाडून रांगोळी काढतात, त्यांनी त्याच अंगणात काल दोनदा ही घाण उचलली असेल, तर त्यांनी काठी उगारली यात नवल नाही. ‘हे घ्या, मी उचलतो’ म्हणून वाकणारा एक माणूस गल्लीचं मत बदलू शकतो. माझ्या गल्लीत बदललेलं मी पाहिलंय. एका निवृत्त शिक्षकांनी दर सकाळी वर्तमानपत्राचा कागद घेऊन फिरायला सुरुवात केली, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या कुत्रीला समोरच्या काकू चपातीचा तुकडा टाकायला लागल्या होत्या.

फिरवायचं म्हटलं तर कुठे? हा खरा प्रश्न आहे. साताऱ्याचं भाग्य थोर, पहाटे अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंतीकडे जाता येतं, यवतेश्वरचा घाट आहे. पण सत्तरीतल्या माणसानं कुत्रं घेऊन घाट चढावा अशी अपेक्षा करता येत नाही. पोवई नाक्यावर सकाळी आठला कुत्र्याची दोरी हातात धरून रस्ता ओलांडणं हे साहसच आहे. सांगलीत आमराई आहे, कृष्णेचे घाट आहेत, नेमिनाथनगरचं मैदान आहे, विलिंग्डन कॉलेजचा परिसर आहे. बागेत कुत्र्याला मज्जाव, मैदानात पोरांचं क्रिकेट, घाटावर माणसांची पूजाअर्चा. प्रत्येकाची हरकत आपल्या जागी योग्य आहे, मी एकालाही चूक म्हणत नाही. म्हणूनच वेगळी जागा मागतो.

हैदराबाद महापालिकेनं 2018 मध्ये कोंडापूरला कुत्र्यांसाठी बाग उघडली. सव्वा एकराच्या आसपास जागा, आणि ती जागा आधी कचरा टाकायची होती. कुंपण, पाणी, सावली, लहान-मोठ्या कुत्र्यांना वेगळे भाग. सातारा पालिकेची हद्द 2020 मध्ये वाढली, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1998 पासून आहे. दोघांकडेही मोकळे भूखंड आहेत, आणि त्यांतले बरेच आज कचरा टाकायच्याच कामी येतात. एकराची गरज नाही. दहा गुंठे, चेनलिंकचं कुंपण, दुहेरी फाटक, एक नळ. दुहेरी फाटक अशासाठी की एक उघडलं तरी कुत्रं रस्त्यावर जात नाही. मैदान देता येत नसेल तर वेळ द्या, एखाद्या मैदानाचा कोपरा पहाटे साडेपाच ते सात. परवानाधारक आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यांनाच प्रवेश ठेवा. परवान्यांची संख्या पुढच्या महिन्यातच वाढलेली दिसेल, कारण आज परवाना काढून माणसाला मिळतं काय?

डॉक्टरांचं सांगतो. सातारा जिल्ह्यातच, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दरवर्षी तिथून पशुवैद्य बाहेर पडतात. या दोन्ही जिल्ह्यांचं पोट उसावर आणि दुधावर चालतं, त्यामुळे सरकारी दवाखान्यांची सगळी बांधणी गाई-म्हशी आणि बैलांभोवती आहे. तशी ती असावीच. पण शहरातल्या कुत्र्याला रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या तर फोन कुणाला करायचा, हे ज्यानं आधी लिहून ठेवलेलं नाही तो हमखास अडकतो. अनेकजण एक्स-रे आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुणं गाठतात. शिरवळच्या विद्यार्थ्यांना सातारा शहरात आठवड्यातून एक दिवस लहान प्राण्यांची ओपीडी चालवायला दिली तर दोघांचंही भलं होईल. प्राध्यापकांनी आणि पालिकेनं एकत्र बसून ठरवण्याची ही गोष्ट आहे, त्याला मंत्रालय लागत नाही.

पण डॉक्टरच्या आधी मालकाचे हात. भाद्रपदात, पाऊस उघडून ऊन पडलं की गोचिडांचे दिवस येतात. संध्याकाळी कुत्र्याला मांडीशी घ्या, दिवा जवळ ओढा, आणि बोटांनी उलट्या केसांतून फिरा. कानाची घडी उघडा, आतल्या बाजूला बघा. पट्टा काढून मानेखाली बघा. मग पंजाची बोटं एकेक करून फाकवा. तिथे तो असतोच, रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखा टम्म फुगलेला, किंवा अजून तिळाएवढा. चिमट्यानं कातडीलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, पोट दाबायचं नाही, रॉकेल ओतायचं नाही, पेटती काडी तर अजिबात नाही. निघाला की साबणाच्या पाण्यात टाकायचा. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. वेळेवर औषध मिळालं तर कुत्रं उठून बसतं. ‘उद्या बघू’ म्हणून गेलेली कुत्री या दोन शहरांत थोडी नाहीत. रोजच्या त्या दहा मिनिटांना पैसे पडत नाहीत, आणि कुत्र्याला वाढदिवसाच्या केकपेक्षा ती दहा मिनिटं जास्त प्रिय असतात.

घरातल्या कुत्र्याचं सुख रस्त्यावरच्या कुत्र्यांशी बांधलेलं आहे, हे बंगलेवाल्यांना उशिरा कळतं. गल्लीत सहा-सात कुत्र्यांचं टोळकं असलं की तुमचं कुत्रं फाटकाबाहेर पडत नाही. त्याला लस दिलेली असली तरी चावे आणि त्वचारोग आहेतच. आणि माणसांचं काय होतं ते दोन्हीकडच्या स्थानिक पानांवर रोज छापून येतं. शाळेच्या वाटेवर चावलेलं पोर, दुचाकीमागे लागलेली कुत्री. चावलेल्या पोराच्या आईला प्राणिप्रेमावर व्याख्यान देणाऱ्यांशी माझं जमत नाही. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मग दवाखाना, लशीचे सगळे डोस, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही. हळद-चुना लावत बसू नका. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये या प्रश्नावर तीनदा आदेश दिले. 11 ऑगस्टला दिल्लीतली कुत्री कायमची निवाऱ्यात ठेवा म्हटलं. 22 ऑगस्टला ते बदललं: निर्बीजीकरण, लसीकरण करा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर तेवढी ठेवून घ्या, वाटेल तिथे खायला घालू नका, पालिकेनं वॉर्डात ठरावीक जागा कराव्यात. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असं सांगितलं. आदेशांवर वाद चालू राहतील. पण या सगळ्यात एक काम समान आहे, निर्बीजीकरण आणि लस. 2023 च्या केंद्रीय नियमांतही ते स्थानिक संस्थेचंच काम आहे. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मानलं गेलं आहे. शेजारच्या गोव्यानं ते करून दाखवलं: सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी जाळी आणि मोबाइल घेऊन गावोगावी कुत्री पकडून लस दिली, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. भूताननं चौदा वर्षं लावून ऑक्टोबर 2023 मध्ये देशातल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण पुरं केल्याचं जाहीर केलं. भूतान श्रीमंत देश नाही. तिथल्या लोकांनी काम मध्येच सोडलं नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे ठेकेदार येतो, गाडी येते, वर्तमानपत्रात फोटो येतो, बिल निघतं, आणि सहा महिन्यांनी गल्लीत पुन्हा पिल्लं. सातारा पालिका आणि सांगली महापालिका, दोघांनीही दर सोमवारी फलकावर लिहावं: गेल्या आठवड्यात कुठल्या वॉर्डात किती कुत्री पकडली, किती नसबंद्या झाल्या, किती लशी दिल्या, किती परत सोडली. नसबंदीची खूण म्हणून कानाला दिलेला छेद किती कुत्र्यांना दिसतो, ते नागरिक स्वतः मोजतील. सांगलीत 2003 पासून ॲनिमल राहत ही संस्था काम करतेय. साखर कारखान्यांवरच्या बैलांपासून सुरुवात करून ती कुत्र्यांच्या निर्बीजीकरणापर्यंत आली आहे. अनुभव दारात आहे. तो वापरायचा की नाही, हे महापालिकेनं ठरवायचं.

मिरवणुकीतल्या डॉल्बीचं एकच सांगतो. माणसाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. मिरवणुकीच्या रात्री ज्याच्या घरी कुत्रं आहे त्यानं मधली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा आणि स्वतःची सोबत द्यावी. आणि मंडळांनी आवाज कमी करावा. कुत्र्यासाठी नको असेल तर त्याच गल्लीतल्या हृदयविकाराच्या आजोबांसाठी करावा.

आता पूर. खंड्याच्या समाधीजवळून निघालेलं कृष्णेचं पाणी कऱ्हाडला कोयना घेतं आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी येतं. तिथे 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ, शामरावनगर, सगळं पाण्यात. बोट दारात आली तेव्हा ‘जनावरं सोडून येणार नाही’ म्हणणारी माणसं होती. त्यांना हटवादी म्हटलं गेलं. मी त्यांना हटवादी म्हणणार नाही. ज्या गाईनं पोरं शिकवली आणि ज्या कुत्र्यानं रात्री दार राखलं, त्यांना दाव्याला बांधून बोटीत चढायचं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या दिवसांत ॲनिमल राहतची माणसं पाण्यात उतरून जनावरं काढत होती. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पण हे काम एका संस्थेच्या जिवावर सोडता येत नाही.

अमेरिकेत ऑगस्ट 2005 च्या कॅटरिना वादळात हाच प्रश्न आला. कुत्र्या-मांजरांना बोटीत घेणार नाही म्हटल्यावर कित्येकांनी घर सोडलं नाही, आणि त्यांतले काही वाचले नाहीत. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2006 मध्ये, तिथे कायदा झाला: संकटकाळी लोकांना हलवायच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय असलीच पाहिजे, नाहीतर केंद्राची मदत अडते. माणसांचा जीव वाचवण्यासाठीच तो कायदा झाला, कारण कुत्र्याला जागा असली की माणूस वेळेवर बोटीत बसतो.

सांगलीत दर वर्षी पावसाळ्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात पूरनियोजनाची बैठक होते. बोटी किती, छावण्या कुठे, धान्य किती, सगळं ठरतं. त्या तक्त्यात एक रकाना वाढवा. पूरपट्ट्यातल्या कोणत्या घरात किती कुत्री-मांजरं, त्यांना लस दिली आहे का, आणि त्यांच्यासाठी कोणत्या शाळेची पडवी. कुत्रं बोटीत घ्यायचं तर तोंडाला कापडी पट्टा आणि गळ्यात फोन नंबर हवा, हे घरोघर छापील कागदानं कळवा. आणि पूरपट्ट्यातल्या मालकांनो, इशाऱ्याचे 40 फूट होण्याआधी कुत्रं नातेवाइकांकडे पोचवा. ते जमलं नाही, घर सोडायची वेळ आली आणि कुत्रं नेता येईना, तर बाकी काही करा न करा, त्याच्या गळ्यातली साखळी काढा आणि वरच्या मजल्याचा दरवाजा उघडा ठेवा. कुत्र्याला पोहता येतं. साखळीला येत नाही. बैठक मे महिन्यातच घ्या. कोयना धरणाचे दरवाजे उचलले गेल्यावर आयर्विनला किती फूट, याशिवाय सांगलीत दुसरं काही विचारायला कुणालाच वेळ नसतो.